आमची वाटचाल: आधी उजेड लावा, मग भिंग बदला

मिरजेत दवाखाने भरपूर, म्हणून लॅबही भरपूर. दुकान टाकलं तेव्हा हिशेब साधा होता: अंबाल्याहून मायक्रोस्कोप मागवायचे आणि सांगली-कोल्हापूर पट्ट्यात विकायचे. वर्षभरातच फोन यायला लागले, "काही दिसतच नाही हो."

एका लॅबमध्ये गेलो. मशीन आमचंच. तिथल्या ताई मलेरियाच्या स्लाइड बघत होत्या. कंडेन्सर (स्लाइडखालचं, उजेड एकवटणारं भिंग) पार खाली उतरलेला, डायफ्रॅम (उजेड कमी-जास्त करणारी झडप) जवळजवळ मिटलेला आणि ४०एक्सच्या, म्हणजे ४० पट मोठं दाखवणाऱ्या, भिंगावर तेल वाळून बसलेलं. तेल फक्त १००एक्सला लागतं. तेल घातल्यावर मागे फिरवलं की ४० त्यात बुडतं. हे विकताना आम्ही सांगितलंच नव्हतं. चूक आमची होती. लेन्स पेपरवर थेंबभर झायलीन घेऊन भिंग पुसलं, कंडेन्सर वर घेतला, उजेड मधोमध आणला. ताईंनी डोळा लावला. "दादा, रिंग दिसतेय की!" तांबड्या पेशीतली मलेरियाच्या जंतूची ती बारीक निळसर अंगठी आणि तिच्या कडेचा लाल ठिपका मीही तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिला.

त्यानंतर विक्री मागे पडली, सर्व्हिसिंग पुढे आलं. ब्राइटफील्डमध्ये, म्हणजे लॅबमधल्या नेहमीच्या मायक्रोस्कोपमध्ये, उजेड खालून येतो आणि नमुना जेवढा शोषतो तेवढंच चित्र उमटतं. पेशी मुळात पारदर्शक, म्हणून लिशमन, गिम्सा, झील-नील्सन हे रंग. रंग फिका पडला की लोक डायफ्रॅम मिटतात. कडा उठतात खऱ्या, पण बारकावा जातो. ऑगस्ट कोहलर यांनी १८९३ साली उजेड एकसारखा पसरवायची पद्धत मांडली. फील्ड डायफ्रॅम (दिव्याजवळची दुसरी झडप) असलेल्या प्रत्येक मशीनवर ती आम्ही आजही हाताने करून दाखवतो.

साध्या उजेडात सुमारे ०.२ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत, भिंग कितीही भारी असो. म्हणून 'दोन हजार पट मोठं' सांगून खपणारी मशीन आम्ही ठेवत नाही. गिऱ्हाईक जातं, जाऊ दे.

कोकणातून येणाऱ्या भिंगांत बुरशीचे धागे दिसले की जीव हळहळतो. बुरशी पुसता येते, तिने खाल्लेलं कोटिंग परत येत नाही. त्यामुळे प्रत्येक मशीनसोबत सिलिका जेलची पुडी देतोच.

नवीन मशीन दिल्यावर आम्ही लगेच उठत नाही. टेक्निशियनने स्वतः कंडेन्सर लावून, स्लाइड बघून दाखवली की मगच बिलावर सही घेतो.