तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी अजून उघडली का नाही

भेटेल तो विचारतो, इंजिन काढलं का? नाही काढलं. बाबांची १९७३ ची फियाट शेडमध्ये उभी आहे आणि मी वहीत मापं लिहिते आहे. घरीच रिस्टोअर करायचं ठरलंय, मग नुसतं लिहीत काय बसलीस, हा पुढचा प्रश्न.

कोल्हापुरात राहून इंजिनाची काळजी कशाला करू? १०८९ सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन. बोअर करणं, क्रँक ग्राइंड करणं, एखादा भाग लेथवर बनवून घेणं, सगळं इथल्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत होतं. ते शेवटी केलं तरी चालेल. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, पत्र्याची बॉडी हीच चासी. दारांखालच्या पोकळ पेट्या आणि फ्लोअर यांनीच ती ताठ राहते, आणि इथल्या पावसात नेमकं तेच आधी कुजतं.

मागे एका गॅरेजनं याच गाडीच्या या पेट्यांवर काम केलं होतं. पुढून-मागून टेकू देऊन गाडी उचलली, दोन्ही बाजूंच्या पेट्या एकदमच कापल्या, नवा पत्रा वेल्ड केला. दारांच्या चौकटीत आधाराला एक पाइपसुद्धा लावला नाही. गाडी मधोमध खाली दबली. रंग मात्र सुरेख दिला होता. बाबा किती तरी दिवसांनी स्टेअरिंगवर बसले, दार ओढलं. लागेना. पुन्हा ओढलं. ‘बिजागरी सेट करतो,’ असं म्हणत गॅरेजवाल्यांनी बिजागरी ठोकली, मग काठ ठोकला, नवा रंग उडाला. मागचं दार वरच्या कोपऱ्यात घासत होतं. शेवटी गॅरेजच्या पोरानं गाडी घरी आणली. बाबा शेजारी बसले होते, त्यांच्या बाजूचं दारही लागत नव्हतं. सबंध रस्ताभर ते दार आत ओढून धरून होते. एक शब्द बोलले नाहीत.

म्हणून वही. चारही दारांच्या चौकटींचे कर्ण, म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरपी मापं. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक कुठे चिकटत नाही, म्हणजे पत्र्याऐवजी नुसती भरलेली पुट्टी कुठे आहे. स्क्रूड्रायव्हर कुठे आत जातो, म्हणजे पत्रा कुठे कुजलाय. आधी चौकटींत तिरपे पाइप वेल्डिंगचे टाके मारून बसवायचे, मग एकच बाजू कापायची, दारं लावून बघायची, आणि मगच दुसरी.

तेव्हाची मी म्हणायची, कारागिराच्या कामात आपण बोलू नये, त्याच्या हाताला कळतं. ती अगदीच खोटं बोलत नव्हती. वेल्डिंगला उद्याही कारागीरच लागणार, आणि माझी वही बघून तो चिडला तर काय करायचं ते मला माहीत नाही. पुन्हा कापायची भीती वाटते, हेही खरं. पण भीतीपोटी घेतली म्हणून मापं चुकीची ठरत नाहीत. लवकर करा म्हणणाऱ्यांपैकी कुणी ते दार धरून बसलं नव्हतं.

आणखी एक अडलंय. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ रूपात असेल तर, जुना नंबर ठेवून व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. मला तसंच करायचंय, म्हणजे पुढे कुणी तिला भंगारात काढणार नाही. पण मग ती रोज वापरता येत नाही, आणि बाबांना तिच्यातूनच लक्ष्मीपुरीत भाजीला जायचंय. ते म्हणतात, ‘उभीच ठेवायची तर एवढं करतेस कशाला?’ यावर आमचं अजून जमलेलं नाही.