दौऱ्यावरची नोंद: हरवलेली एक बाय

लिनियर पद्धतीने स्कोअर लिहायला लागून हा माझा दुसरा सीझन. आमच्या मैदानावरच्या शेवटच्या दोन मॅचचं शीट पहिल्या फटक्यात जुळलं होतं, म्हणून दौऱ्यावर निघताना जुनी चौकटींची वही मी मुद्दामच बॅगेत टाकली नाही. असती तर तिसऱ्याच ओव्हरला तिच्याकडे वळलो असतो.

ज्यांनी ही पद्धत पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीच्या वहीत एकाच चेंडूची नोंद दोन-तीन ठिकाणी करावी लागते: बॅट्समनच्या ओळीत, बोलरच्या चौकोनात, शिवाय एकूण धावांचे आकडे खोडत जायचे. लिनियरमध्ये एका ओव्हरला एक आडवी ओळ. डावीकडे बोलर, मधे दोन बॅट्समन, उजवीकडे शेरे आणि ओव्हरअखेरची बेरीज. कोणता चेंडू कोण खेळला, कशानंतर काय झालं, हे वर्षभराने उघडलं तरी वाचता येतं. बीबीसीच्या रेडिओ समालोचकांसाठी १९६६ पासून २००९ मध्ये निधन होईपर्यंत स्कोअरिंग करणारे बिल फ्रिन्डल याच पद्धतीने लिहायचे. तोटा एकच. मान वळवून कोणाशी बोललात की ओळ लंगडी झालीच.

मॅच मैत्रीची, ३५ ओव्हरची. अंपायर म्हणून बॅटिंग करणाऱ्या संघाचेच दोघं उभे राहणार असं ठरलं. क्रिकेटच्या नियमावलीतला नियम ३ म्हणतो स्कोअरर दोन हवेत. दौऱ्यावर दुसरा स्कोअरर म्हणजे पॅड बांधून बसलेला पुढचा बॅट्समन. आधी बॅटिंग यजमानांची, आणि त्यांची वही त्या एका डावात पाच हातांतून गेली आणि प्रत्येकाचं अक्षर ओळखू येत होतं. पहिल्याचे डॉट, म्हणजे धाव न निघालेल्या चेंडूचे ठिपके, टाचणीच्या टोकाएवढे, तिसऱ्याचे इतके जाड की बोलरच्या चौकोनात चारच मावत.

अंपायरने खूण केली की मी हात वर करून पोच देतो. प्रत्येक खुणेला वेगळी पोच द्यायची हे नियमातच आहे. पण त्यांचे अंपायर पोच न बघताच पुढच्या चेंडूला लागायचे. चौथ्या ओव्हरपर्यंत त्यातल्या एकाला वाटत होतं मी कोणाला तरी हाक मारतोय.

आता ती २४वी ओव्हर. बोलर आमचा ऑफस्पिनर. पहिला डॉट, दुसऱ्यावर सिंगल, तिसऱ्यावर मिडऑनला उंच झेल. झेल हातात पडेपर्यंत दोघं बॅट्समन एकमेकांना ओलांडून गेले होते. १ ऑक्टोबर २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे झेलबाद झाल्यावर, ओव्हर संपली नसेल तर, नवा बॅट्समनच स्ट्राइकला येतो, ओलांडलं असो वा नसो. मैदानावर मात्र सगळेच जुन्या सवयीचे. ओलांडून आलेला तिथेच थांबला, नवा माणूस पलीकडच्या टोकाला गेला, कोणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. अंपायरने चालवलं ते मी लिहितो, निवाडा करायला मला कोणी बसवलेलं नाही. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात ‘ओलांडले, जुन्या नियमाने’ एवढंच टाकलं.

आणि हा नवा माणूस म्हणजे माझ्या शेजारी वही घेऊन बसलेलाच. विकेट पडल्याबरोबर त्याने पेन्सिल वहीत खोचली, हेल्मेट उचललं आणि पळाला. खुर्ची रिकामी.

पुढचा चेंडू नोबॉल, बोलरचा पाय क्रीजच्या पुढे पडला होता. बॅटला नाही, पॅडला नाही, कीपरच्या ग्लोव्हखालून मागे, आणि दोघांनी एक धाव काढली. चेंडू मृत झाल्यावर अंपायरने नोबॉलची खूण पुन्हा करून त्यामागे बायसाठी (बॅटला किंवा अंगाला न लागलेल्या चेंडूवर काढलेली धाव) उघडा पंजा डोक्यावर धरायला हवा. यांनी नोबॉलचा हात आडवा केला आणि सोडून दिलं. मागच्या सीझनला मी अशा वेळी मनाशीच ‘बाय असणार’ म्हणून लिहून टाकायचो. या वेळी उभं राहून ओरडलो, ‘बाय का?’ त्यांनी मान हलवली, मग आठवल्यासारखा पंजा वर केला. माझ्या शीटवर नोबॉलचं वर्तुळ आणि त्यात बायचा त्रिकोण. नंतरच्या चेंडूवर दोन धावा, मग दोन डॉट. ओव्हरच्या पाच.

त्या दोन धावा निघत असताना वहीचा पुढचा धनी येऊन बसला. ‘मधे काय झालं?’ मी लिहीत होतो. मागून कोणीतरी म्हणालं, ‘नोबॉल.’ त्याने एक वर्तुळ काढलं. ओव्हरच्या चार.

डाव संपला तेव्हा माझ्याकडे ८ बाद १८७, त्यांच्याकडे १८६.

खरी गंमत पुढे आहे, ज्यांना बेरजा जुळल्या की हायसं वाटतं त्यांनी हे जरूर वाचावं. मी पडताळा घेतला: बॅटच्या १६१, अवांतर २६ (वाइड १४, नोबॉल ३, बाय ६, लेगबाय ३), एकूण १८७. बोलरांच्या नावावर १७८, त्यात बाय-लेगबायच्या ९ मिळवल्या की १८७. जुळलं. मग त्यांच्या वहीचा पडताळा. १६१ अधिक २५, म्हणजे १८६. बोलरांच्या १७८ अधिक ८, म्हणजे १८६. तीही जुळली! सुटलेली बाय बॅट्समनच्या खात्यात नसते आणि बोलरच्याही नसते. ती अवांतरमधूनही जाते, एकूणातूनही जाते आणि वही बिनबोभाट जुळते. असली चूक फक्त दुसऱ्या वहीशेजारी ठेवल्यावर दिसते.

ओव्हरवार बेरजा लावत गेलो. २३व्या ओव्हरपर्यंत दोन्हीकडे एकच आकडा, २४वीनंतर एकाचा फरक. अंपायरना बोलावलं, त्यांना पंजा वर केलेला आठवत होता. त्यांच्यातले एक ज्येष्ठ खेळाडू म्हणाले, नोबॉलवर काढलेली धाव नोबॉलमध्येच धरायची असते. पूर्वी तसंच होतं, २०१७ च्या नियमावलीपासून ती बाय किंवा लेगबाय म्हणून वेगळी लिहितात. एकूण तेच राहतं, पण आमच्या ऑफस्पिनरच्या नावावर पाचाऐवजी चार लागतात, आणि त्याला अशा गोष्टींची फार काळजी असते. १८७ वर सगळ्यांचं एकमत झालं.

आमच्या डावाबद्दल फार लिहीत नाही. सुरुवात रटाळ, मधली फळी बरी. ३१व्या ओव्हरमध्ये दोन धावा पळताना एकाची बॅट क्रीजच्या अलीकडेच टेकली आणि स्क्वेअर लेगला उभ्या असलेल्या आमच्याच माणसाने शॉर्ट रन दिली. हात दुमडून बोटांची टोकं खांद्याला. मी पोच दिली. आमचे लोक म्हणतात मी हात जरा जास्तच उत्साहाने वर केला.

३५ ओव्हर, ७ बाद १८६. एका धावेने हरलो.

बसमध्ये काय ऐकून घ्यावं लागलं ते सांगायला नको. ‘अरे, तू गप्प बसला असतास तर टाय होती!’ असं कप्तानासकट सगळ्यांनी आळीपाळीने म्हणून झालं. शॉर्ट रन देणारा आणि मी पुढच्या सीटवर शेजारी-शेजारी बसलो होतो, बाकी कोणी जागाच ठेवली नव्हती.

तिथेच दुसऱ्या डावाचं शीट मांडीवर घेतलं. निकालाला धक्का नव्हता, पण बोलरांची बेरीज एकाने कमी येत होती. १२व्या ओव्हरला सापडलं. वाइडवर धावून एक काढली होती, म्हणजे बोलरच्या नावावर दोन, आणि मी एकच मांडली होती. अवांतरमध्ये बरोबर दोन लिहिल्या होत्या. त्या चेंडूच्या वेळी कोणीतरी ‘किती हव्यात?’ विचारलं होतं आणि मी मान वळवून उत्तर दिलं होतं.

परवा पुढची मॅच. त्यांच्याकडेही स्कोअरर नाही असं कळलंय, म्हणून एक साधं वेळापत्रक करून ठेवलंय: वही धरणारा बॅटिंगच्या क्रमात किमान तीन जागा मागचा हवा, आणि दर पाच ओव्हरनी मी आकडा मोठ्याने वाचणार. ‘किती हव्यात?’चं उत्तर पुठ्ठ्यावर खडूने लिहून टेबलाला टेकवून ठेवणार. पुठ्ठा मिळालाय, खडू अजून शोधतोय.