नाव नसलेल्या माथ्याची वाट

पनवेलजवळच्या कळंबोलीहून पूर्वेकडे पाहिलं की मलंगगडापासून माथेरानपर्यंत गेलेली रांग दिसते. ताहुली, म्हैसमाळ, चंदेरी, नाखिंद, पेब ही नावं आमच्याकडच्या भटक्यांना पाठ असतात. पण या नावांच्या मधेही माथे आहेत. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर त्यांच्यापाशी नाव नसतं, नुसता उंचीचा आकडा असतो. चंदेरीच्या अलीकडच्या अशाच एका माथ्याने मला वेड लावलं होतं. तिथे कुणी गेल्याचं ऐकिवात नव्हतं.

पहिलं काम घरी बसूनच केलं. १:५०,००० च्या नकाशात कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटरला. म्हणजे १५ मीटरचा उभा कातळ दोन रेषांच्या मधे सहज लपतो. सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत गेलेली धार, कुठे, खिंड कुठे हे नकाशा नीट सांगतो. चढता येईल का, ते नाही सांगत. म्हणून उपग्रहाने टिपलेली चित्रं पाहिली, तीही मे महिन्यातली. पावसानंतरच्या चित्रांत नुसता हिरवा गालिचा दिसतो. उन्हाळ्यात कातळ उघडा पडतो आणि ढोरवाटांच्या फिकट रेघा उमटतात.

आपला सह्याद्री लाव्हाच्या आडव्या थरांचा. टणक थराचा कडा होतो, मऊ थर झिजून त्याचा पदर, म्हणजे कमी उताराचा टप्पा, होतो, आणि वर पुन्हा कडा. त्यामुळे वाट शोधायची म्हणजे प्रत्येक कड्यातली एक फट हेरायची आणि पदरावरून आडवं जात तिला वरच्या फटीशी जोडायचं. सरळ वर जाणारी वाट इथे क्वचितच असते.

नकाशावर सगळ्यात सोपी दिसत होती ती नाळ, म्हणजे डोंगरातली अरुंद घळ. आम्ही आधी तिनेच गेलो. मोठाले धोंडे, मग सुट्या दगडांचा घसारा, आणि शेवटी पावसाळी धबधब्याचा कोरडा कातळ, गुळगुळीत आणि वर पुढे झुकलेला. उजव्या भिंतीवर आग्या मोहोळं लटकत होती. तिथे आवाज करणंही धोक्याचं, मेखा ठोकणं तर दूरच. परत फिरलो.

खरी वाट मिळाली ती पायथ्याच्या वाडीत. ‘वर वाट आहे का?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘नाय, वाट नाय.’ कारण त्यांच्या लेखी वाट म्हणजे दुसऱ्या गावाला जाते ती, आणि माथ्यावर कुणाचं काही काम नसतं. म्हणून विचारलं, ‘बाबा, गवत कुठवर कापता? गुरं वर कुठपर्यंत जातात?’ अंगणात कारवीचा कूड विणत बसलेल्या बाबांनी हातातली काठी घेतली आणि धुळीत सोंड काढली. एका जागी आडवी रेघ मारली. ‘हितवर ढोरं. फुडं कातळाला डावं घालून जायाचं. झाड हाय उंबराचं, त्याच्या वर बेचकं.’ ते बेचकं, म्हणजे कड्यातली खाच, मी चित्रांत अनेकदा पाहिलं होतं, पण सावली समजून सोडून दिलं होतं.

बाबांचा मुलगा सोबत आला. उजाडायच्या आधी निघालो. सोंडेवर वाट मळलेली, मग गवत. हिवाळ्यात वाळलेलं गवत कोयत्याच्या पात्यासारखं चकचकीत होतं आणि पाय ठरू देत नाही. बुटाची टाच रोवत, कारवीचे बुंधे मुळापाशी धरत गेलो. वर धरलेली कारवी हातात मोडून येते. उंबर सापडला. बेचक्यातला कातळ साधारण दोन पुरुष उंच, खाचा चांगल्या, पण डावीकडे थेट दरी. वरच्या झाडाला दोर बांधला, तो चढण्यापेक्षा उतरताना जास्त लागला. माथा म्हणजे चार माणसं उभी राहतील एवढी धार. एका बाजूचं पाणी उल्हास नदीला, दुसऱ्या बाजूचं पनवेलच्या खाडीला.

कुणाला जायचं असेल तर वाडीतला माणूस बरोबर घ्या आणि त्याची दिवसाची मजुरी आधी ठरवून पूर्ण द्या. पाणी खालूनच न्या, डिसेंबरनंतर वर थेंब नसतो. मोहोळं दिसली तर अत्तर, धूर, आरडाओरडा काहीही नको. आणि उतरायला चढण्याइतकाच वेळ धरा, कारण त्या गवतावरून उतरताना घाई करून चालत नाही.