एसी स्प्लिट घ्यावा की डक्टेड? आधी छताखालची जागा मोजा

घराच्या एसीची चर्चा सुरू झाली की गाडी लगेच टन (गार करण्याची क्षमता) आणि इन्व्हर्टरवर येते. स्प्लिट (प्रत्येक खोलीला वेगळा एसी) की डक्टेड (एकाच यंत्राची गार हवा छताखालच्या डक्टमधून, म्हणजे हवेच्या मोठ्या नळातून, सगळ्या खोल्यांत) हे मात्र दोनच गोष्टींवर ठरतं: एका वेळी किती खोल्या गार हव्यात, आणि डक्ट जाणार कुठून.

समजा हॉलला २ टन आणि दोन बेडरूमना एकेक टन लागतो. दिवसा हॉल, रात्री एकच बेडरूम अशी सवय असेल, तर स्प्लिट रात्री एका टनावर भागवतो. डक्टेडमध्ये ४ टनांचं यंत्र त्या एका खोलीसाठी चालू राहतं. सगळं घर दिवसभर वापरात असेल तर डक्टेडचा विचार करायला हरकत नाही. मग टेप घेऊन छताखाली उभं राहा.

एका टनाला साधारण ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते, म्हणजे ४ टनांना १६००. मुख्य डक्टमध्ये हवेचा वेग मिनिटाला ८०० फूट धरला तर डक्टचा छेद २ चौरस फूट हवा, म्हणजे २४ × १२ इंच. त्यावर इन्सुलेशन आणि डक्ट टांगायचे हँगर. एवढ्यात फॉल्स सीलिंग सव्वा फूट तरी खाली येतं. 'उंची जाते' म्हणून तोच डक्ट त्याच रुंदीत ८ इंचांवर आणला, तर वेग दीडपट होतो, ग्रिल (हवा सोडणाऱ्या जाळ्या) शिट्ट्या मारतात आणि ब्लोअरवरचा (हवा ढकलणाऱ्या पंख्यावरचा) दाब वाढतो. हवा कमी पडली की हवा गार करणाऱ्या कॉइलवर बर्फ धरतो, तो वितळला की पाणी सीलिंगमधून गळतं आणि दोष मात्र 'गॅस कमी झाला' असा दिला जातो.

दुसरी हमखास चूक रिटर्नची, म्हणजे हवा यंत्राकडे परत नेण्याच्या वाटेची. प्रत्येक खोलीत हवा सोडणारी ग्रिल असते, पण हवा परत घेणारी एकच, पॅसेजमध्ये. बेडरूमचं दार बंद केलं की आत आलेल्या हवेला परतीची वाट उरत नाही. एसी चालू ठेवून दार लोटा. शेवटच्या दोन इंचांत ते आपोआप ओढलं जाऊन बंद होत असेल (बाहेर उघडणारं दार असेल तर अडत असेल), किंवा फटीशी धरलेली कागदाची पट्टी जोरात बाहेर उडत असेल, तर रिटर्न अपुरा आहे. ४०० सीएफएमसाठी दाराखालची इंचभर फट फारच तोकडी. खोलीला स्वतंत्र रिटर्न द्या, नाहीतर भिंतीत ट्रान्सफर ग्रिल (हवा पॅसेजमध्ये जाऊ देणारी जाळी) बसवा. नको त्या खोलीची ग्रिल बंद करून वीज वाचते हाही गैरसमजच. झोन डॅम्पर (खोलीनुसार हवा रोखणारी झडप) आणि वेग बदलणारा ब्लोअर नसेल तर त्याने फक्त दाब आणि गळती वाढते.

गळती किरकोळ नसते. सांधे नीट बंद न केलेल्या डक्टमधून २० ते ३० टक्के हवा वाटेतच जाऊ शकते. सांध्यांना मॅस्टिक (सांधे बुजवणारा लेप) किंवा ॲल्युमिनियम फॉइल टेप लावा. कापडी टेप वाळून सुटते.

स्प्लिटमध्ये डक्टची ही कटकट नाही, पण सगळा जीव फ्लेअर जॉइंटमध्ये, म्हणजे तांब्याच्या पाइपचं तोंड फुलवून नटने आवळलेल्या जोडात असतो. पाइप कटरनेच कापायचा, तोंड खाली धरून आतली धार काढायची, फ्लेअर करण्याआधी नट ओवायचा (हे विसरणारे आहेत), आणि टॉर्क रेंचने आवळायचा. पाव इंची पाइपला १४ ते १८ न्यूटन-मीटर पुरतात. अंदाजाने जास्त पिळलं की फ्लेअर चिरतो आणि गॅस महिनोन्‌महिने हळूहळू निघत राहतो. मग नायट्रोजनने दाब तपासणी. त्यानंतर पंपाने पाइपमधली हवा ओढून व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या (उरलेल्या दाबाचं माप) खाली न्यायचा, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून दहा-पंधरा मिनिटं गेजवर नजर ठेवायची. काटा चढतच राहिला तर गळती आहे किंवा आत ओल आहे. पंपाऐवजी गॅस सोडून पाइपमधली 'हवा काढून टाकणारा' मेकॅनिक दारातूनच परत पाठवा. आर-३२ हा एसीतला गॅस थोडा का होईना, ज्वलनशील आहे. ड्रेन पाइपला मीटरमागे किमान १ सेंटीमीटर उतार द्या आणि त्याचं टोक पाण्यात बुडू देऊ नका.

एका आउटडोअरवर चार इनडोअर हा मल्टी-स्प्लिट बाहेरून सुटसुटीत दिसतो. पण एकच छोटी खोली चालू असताना तो पुरेसा मंद होऊ शकत नाही आणि सारखा चालू-बंद होतो. अशाने खोली गार होते, दमटपणा मात्र तसाच राहतो. शिवाय आउटडोअर बिघडलं की सगळं घर बसलं. बाहेर जागा असेल तर मी स्वतंत्र स्प्लिटच सुचवेन.

शेजारच्या दोन बेडरूमना मिळून एक बुटकं डक्टेड युनिट आणि हॉलला स्प्लिट, हा मधला मार्ग बरेचदा चांगला ठरतो, कारण डक्ट दोन-तीन मीटरच धावतो. मात्र युनिटच्या बरोबर खाली किमान दोन बाय दोन फुटांचं ट्रॅप डोअर सोडायला सांगा, आणि तेही सुताराने सीलिंग बंद करण्याआधी.