तुम्ही विचारलंत म्हणून: हौशी रॅली संघाने गाडीच्या दिसण्याकडे लक्ष द्यावे का?

नाशिकमध्ये एखादा नवा संघ पहिल्या मोटार रॅलीच्या तयारीला लागला, की मला हमखास विचारले जाते : गाडी दिसायला चांगली असलीच पाहिजे का, की शेवटी मुरमातच न्यायची आहे म्हणून तो खर्च वाचवावा? विचारणारे बहुधा नोकरी-धंदा सांभाळून, पदरचे पैसे घालून या खेळात उतरलेले असतात, त्यामुळे त्यांना गुळमुळीत उत्तर देणे मला पटत नाही. दिसण्याकडे लक्ष जरूर द्यावे, परंतु गाडीवर कोणाला काय दिसले पाहिजे हे आधी ठरवावे आणि मगच रेडियमच्या दुकानाची पायरी चढावी.

गाडीकडे सर्वांत बारकाईने पाहणारा माणूस स्क्रुटिनीच्या, म्हणजे रॅलीआधीच्या गाडीच्या तपासणीच्या, वेळी भेटतो, आणि त्याला तुमच्या बॉनेटवरच्या ज्वाळांत काडीचाही रस नसतो. टो-हूक, म्हणजे गाडी ओढून काढायचा हूक, पिवळ्या, लाल किंवा नारिंगी रंगात ठळक आहे का, बाहेरून वीजपुरवठा तोडणाऱ्या कटऑफजवळ पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात लाल वीज काढलेली आहे का, आग विझवण्याची यंत्रणा बाहेरून चालू करण्याच्या जागी पांढऱ्या वर्तुळात लाल 'ई' आहे का, हे तो पाहतो. आंतरराष्ट्रीय नियमांत त्या त्रिकोणाचा पाया किमान 12 सेंटीमीटर आणि वर्तुळाचा व्यास किमान 10 सेंटीमीटर सांगितलेला आहे. गाडी उलटली, आत दोघे पट्ट्यांत अडकलेले असले आणि मदतीला धावलेल्या मार्शलने, म्हणजे मार्गावर नेमलेल्या सुरक्षा कार्यकर्त्याने, ती गाडी आयुष्यात प्रथमच पाहिलेली असली, तर त्याला धुळीतून आणि घाईत ही खूण सापडली पाहिजे. म्हणून रंगसंगती बिघडते या कारणाने ही चिन्हे लहान करणाऱ्या, किंवा टो-हूक काळा रंगवून घेणाऱ्या संघांचा मला राग येतो.

यानंतर गाडी पाहायची ती आपल्याच मेकॅनिकने. माझ्या मते दिसण्यावर खर्च करायचाच असेल तर त्यातला मोठा वाटा आतल्या बाजूला जावा. गाडीचा सांगाडा आणि रोलकेज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) आतून फिकट राखाडी किंवा पांढऱ्या रंगाने रंगवलेले असले, की वेल्डिंगजवळ पडलेली केसाएवढी चीरही रंग तडकल्यामुळे लवकर नजरेस पडते. इंजिनाची जागा धुऊनपुसून ठेवलेली असली, तर ऑइलचा ताजा ओघळ कुठून सुरू झाला हे विजेरीच्या उजेडातही समजते. चिखलाने माखलेल्या गाडीत मात्र गळती नवी की गेल्या रॅलीची, यावर वाद घालण्यातच सर्व्हिसची, म्हणजे रॅलीदरम्यान दुरुस्तीसाठी मिळणारी, मोजकी मिनिटे निघून जातात. डॅशबोर्ड तेवढा काळा आणि बिनचमकीचा ठेवावा, कारण उन्हात त्याचे प्रतिबिंब काचेवर पडते. हे सगळे फोटोत फारसे येत नाही, आणि बहुधा म्हणूनच हौशी मंडळी त्यावर पैसे घालत नाहीत.

बाहेरच्या रंगाबाबत माझा सल्ला थोडा कंटाळवाणा आहे. गाडी साधी पांढरी घ्यावी. नाशिकच्या परिसरात 'रॅली ऑफ महाराष्ट्र'सारखी राष्ट्रीय मालिकेतली फेरी झालेली आहे, आणि इथले खडीचे रस्ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना दरवाजे, फेंडर आणि बंपर हे झिजण्यासाठीच असतात हे समजावून सांगावे लागत नाही. मेटॅलिक रंगाचे फेंडर बदलायचे म्हटले की छटा जुळवण्यात पेंटरचे दिवस जातात. पांढऱ्याचा जुना पत्रा मिळवून रातोरात बसवला तरी खपून जातो. मूळ रंगच बदलला तर आरसी पुस्तकात तशी नोंद करून घ्यावी लागते, आणि एका टप्प्यापासून दुसऱ्यापर्यंत रॅलीची गाडी सार्वजनिक रस्त्यानेच जात असल्यामुळे ही बाब किरकोळ समजू नये.

"पण मोठ्या संघांच्या गाड्या पाहा," असे तरुण मुले म्हणतात. अवश्य पाहावे. 1995 साली स्कॉटिश रॅलीचालक कॉलिन मॅक्रे ज्या निळ्या सुबारू इम्प्रेझातून जगज्जेता झाला, तिच्यावरचे पिवळे 555 म्हणजे एका सिगारेटच्या ब्रँडची जाहिरात होती. त्या देखणेपणाचे पैसे संघाला मिळत होते, तुम्ही मात्र ते स्वतःच्या खिशातून देत आहात. पैसे देणारा कोणी नसताना अंगभर काल्पनिक कंपन्यांची नावे चिकटवणे मला तर वरातीतला घोडा नटवल्यासारखे वाटते.

प्रायोजक मात्र खरोखर हवा असेल, तर बाह्यरूपाला वेगळे महत्त्व येते. नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतला एखादा लहान कारखानदार तुम्हाला टायरचे पैसे देईल, तेव्हा त्याला बदल्यात आपले नाव वाचता येईल असा फोटो हवा असतो. धावत्या गाडीच्या फोटोत दहा लहान स्टिकर ठिपक्यांसारखे दिसतात. दरवाजावरचा क्रमांक आणि आयोजकांची सक्तीची पट्टी यांची जागा सोडून पांढऱ्यावर एकच नाव गडद, जाड अक्षरांत घातले तर ते वाचता येते. त्याला भेटायला जाताना गाडी धुतलेली असावी आणि लोंबता बंपर आवळलेला असावा, कारण निष्काळजी माणसांच्या हाती पैसे द्यायला कारखानदार तयार होत नाही, आणि त्याचे बरोबरच आहे.

हे सारे हेल्मेट, पट्टे आणि टायर यांची सोय झाल्यानंतरचे आहे. त्यातून पैसे उरत नसतील तर चिन्हे, क्रमांक आणि नावे तेवढी नीट लावावीत, गाडी स्वच्छ धुवावी आणि तशीच स्टार्टला न्यावी.