हाऊ कांदा नै, अमरकंद शे!

काल शहाद्याहून तोरणमाळला गेलो होतो. दोन पाऊस पडून गेलेत, बांध नुकते हिरवे झालेत. ओळखीच्या बाबांच्या शेताकडे जाताना पिवळ्या फुलांचा एक दांडा दिसला. पानं अजून पुरती उलगडलेली नव्हती. मी म्हटलं, रानकांदा दिसतोय. बाबा हसले, "हाऊ कांदा नै भाऊ, अमरकंद शे."

ऑर्किड म्हणजे झाडावर लटकणारं, हॉटेलच्या काउंटरवर ठेवतात ते, असंच डोक्यात. पण अमरकंदही ऑर्किडच, जमिनीत वाढणारं. युलोफिया म्हणतात शास्त्रात.

बाबांनी बांधाची माती हातानंच उकरली. खाली कंदांची माळ! टोकाचा टणक, मागचे सुरकुतलेले. बाबांनी मागचे दोन मोडून घेतले, कोंबाचा राहू दिला, वर माती दाबली. मोडल्या जागी बोट लावलं तर भेंडीसारखी तार निघाली. घरी काकूंनी काप करून दुधात गूळ घालून शिजवले. चव म्हणाल तर साबुदाण्याच्या खिरीची गरीब बहीण, पण दोन वाट्या खाल्ल्या. बाबांच्या मते अशक्तपणावर याच्यासारखं काही नाही. मला तर जेवल्यावर झोप आली!

पूर्वी हे बांधोबांध असायचं म्हणे. मग किलोवर घेणारे आले आणि लोकांनी कोंबासकट उपटलं. याचं बी धुळीसारखं बारीक, त्यात अन्नाचा साठाच नसतो. मातीतली ठरावीक बुरशी भेटली तरच रुजतं.

फोटो टाकतोय, जागा विचारू नका.