कांद्याची चाळ आणि शेजारधर्म

साक्री तालुक्यातल्या आमच्या गावी उन्हाळी कांदा चाळीत भरला की आप्पांचा, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचा, फोनवर एक प्रश्न ठरलेला असतो: “बांगलादेशनी गाडी चालू शे का?” म्हणजे बांगलादेशात जाणारे कांद्याचे ट्रक चालू आहेत का? पुढचा भाव ते त्यावरून ताडतात. मी राज्यशास्त्र शिकवतो, शेजारी देशांविषयीचे भारताचे धोरण हा माझ्या वर्गातला नेहमीचा विषय आहे. पण त्या धोरणाचा खरा कस कुठे लागतो, हे मला या प्रश्नामुळे उमगले.

२९ सप्टेंबर २०१९ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली. त्या वेळी आमचा निम्मा माल चाळीतच होता. खालच्या थराला कोंब फुटू लागले होते आणि जवळ गेले की सडक्या कांद्याचा वास येत होता. त्याच आठवड्यात बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. आपण स्वयंपाक्याला कांदा वापरू नकोस असे सांगितले आहे, असे त्या भर सभेत हिंदीत म्हणाल्या, आणि अशी बंदी घालताना थोडे आधी कळवत जा, अशी विनंतीही त्यांनी केली. सभेत हशा पिकला. मला मात्र त्या विनंतीत एका शेजाऱ्याची रास्त तक्रार ऐकू आली, आणि ती तक्रार शब्दशः आप्पांचीही होती. पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबरला, पुन्हा बंदी आली आणि भरलेले ट्रक सीमेवर अडकून पडले. बांगलादेशाने म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान इथून कांदा आणला आणि स्वतःची लागवड वाढवण्यावर भर दिला. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानाची पायरी चढले की ते पूर्वीसारखे परत येत नाही, हे बाजार समितीत उभ्या राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

शेजाऱ्यांविषयीच्या धोरणाचा इतिहास पाहिला तर भूतानशी १९४९ साली आणि नेपाळशी १९५० साली झालेल्या करारांत सुरक्षेची काळजी मुख्य होती. १९८७ साली श्रीलंकेत पाठवलेले सैन्य १९९० साली परत आले, आणि बळाच्या मर्यादा आपल्याला मोठी किंमत मोजून कळल्या. १९९६ साली परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल यांनी वेगळी भूमिका मांडली: बांगलादेश, भूतान, मालदीव, नेपाळ आणि श्रीलंका यांच्याकडून भारताने तोलून-मापून परतफेड मागू नये. ही भूमिका मला मनापासून पटते. तरीही तिचे टिकलेले फळ म्हणजे नुसती सदिच्छा नव्हे, तर त्याच वर्षी १२ डिसेंबरला बांगलादेशाशी झालेला गंगा पाणीवाटपाचा ३० वर्षांचा लेखी करार होय. गंगेवरचा फराक्का बंधारा १९७५ साली सुरू झाल्यापासून चिघळत आलेल्या वादाला त्याने चौकट दिली, आणि दोन्ही देशांत सरकारे बदलली तरी ती टिकली. उलट तिस्ता नदीच्या पाणीवाटपाचा बांगलादेशाशी व्हायचा करार २०११ साली पश्चिम बंगालच्या विरोधामुळे सहीविना राहिला, आणि त्याच देशाशी १९७४ साली ठरलेली सीमेवरच्या भूभागांची अदलाबदल प्रत्यक्षात यायला २०१५ साल उजाडले. घरातल्यांना विश्वासात घेतल्याशिवाय शेजाऱ्याला दिलेला शब्द पाळता येत नाही, हे या दोन्ही प्रकरणांत दिसते.

मला सर्वांत बोलके उदाहरण मालदीवचे वाटते. १९८१ च्या व्यापार करारानुसार तांदूळ, साखर, बटाटे, कांदे अशा वस्तूंचा ठरावीक कोटा भारत मालदीवला देतो. २०२३ साली तिथे भारतविरोधी प्रचार करणारे मुइझ्झू राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, भारतीय जवानांना परत बोलावण्याची मागणी झाली, संबंध बरेच ताणले गेले. नेमक्या त्याच काळात, म्हणजे एप्रिल २०२४ मध्ये, देशात कांद्याची निर्यातबंदी चालू असतानाही भारताने मालदीवला त्या वर्षासाठी सुमारे ३५,७०० टन कांदा मंजूर केला. बांगलादेशाला त्या बंदीत ५०,००० टन मिळाले खरे, पण ती खास सवलत होती. करारातला हक्क नव्हता.

देशातल्या गिऱ्हाइकाला कांदा परवडला पाहिजे, ही सरकारची अडचण मला मान्य आहे. म्हणूनच माझे म्हणणे इतकेच आहे की बांगलादेशाबरोबर वर्षाचा किमान कोटा लेखी ठरवावा, टंचाईच्या वर्षी तो किती कमी होईल हेही त्यात लिहावे, आणि बंदी घालायची झाल्यास निदान महिनाभर आधी कळवण्याचे कलम असावे. म्हणजे किती कांदा चाळीत ठेवायचा आणि किती मे महिन्यातच विकून मोकळे व्हायचे, हे आप्पांनाही वेळेवर ठरवता येईल.